दिएपची हलकी गाडी आणि टर्बोचे बळ

शर्यतीच्या छकड्याला नवी, तगडी खिलार जोडी जुंपावयाची झाली, तर जाणता शेतकरी प्रथम बैलांकडे पाहत नाही. तो छकड्याचे जू पाहतो, आस पाहतो, चाकांच्या धावा हाताने चाचपून पाहतो. बैलांच्या अंगी बळ किती आहे, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने दुय्यम असतो. ते बळ सोसण्याची ताकद छकड्यात आहे की नाही, हे त्याला आधी जाणून घ्यावयाचे असते. कारण आस मोडली, तर जोडी जितकी जोमदार तितका अपघात मोठा.

श्रोतेहो, ही साधी गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधील एका लहानशा मोटार-कारखान्याला मोठी किंमत देऊन शिकावी लागली. त्या कारखान्याने आपल्या हलक्या शर्यतीच्या गाडीत जवळजवळ दुप्पट बळाचे इंजिन बसविले. इंजिन बसविण्याचे काम एका हिवाळ्यात आटोपले. पण ती गाडी जी शर्यत जिंकण्यासाठी घडविली होती, ती शर्यत जिंकावयास पुढे तीन वर्षांहून अधिक काळ लागला. त्या तीन वर्षांची हकीकत आज आपणास सांगावयाची आहे.

नॉर्मंडी प्रांतात, इंग्लिश खाडीच्या काठी, दिएप नावाचे बंदर आहे. तेथे झां रेदेले नावाचा तरुण रेनो कंपनीच्या मोटारींचा विक्रेता होता. युद्धानंतरच्या त्या काळात रेनोची लहानशी ‘फोर सीव्ही’ ही गाडी फ्रान्समध्ये घरोघरी दिसे. रेदेले याने ती शर्यतींत पळविली. इटलीतील प्रसिद्ध ‘मिल्ले मिल्या’ शर्यतीत आपल्या वर्गात तो पहिला आला. आल्प्स पर्वतातील वळणावळणांचे रस्ते त्याला विशेष प्रिय होते. १९५५ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला, तेव्हा त्या पर्वताच्या स्मरणार्थ त्याचे नाव ‘आल्पीन’ असे ठेविले. धंद्याची कल्पना अगदी सरळ होती: यंत्र रेनोच्या साध्या गाडीचे घ्यावयाचे आणि अंग आपले, म्हणजे काचतंतूंचे व वजनाला अत्यंत कमी असे घडवावयाचे. बळ वाढविता येत नसेल तर ओझे कमी करावे, हे त्याचे सूत्र होते.

हे सूत्र किती खरे होते, याचा प्रत्यय त्याच्या ‘ए-११०’ या गाडीने आणून दिला. पोलादी नळीचा एकच कणा, त्यावर काचतंतूंचे कवच, मागल्या बाजूस इंजिन, आणि सर्व मिळून वजन सुमारे सातशे किलो. या चिमुकल्या गाडीने १९७१ आणि १९७३ या दोन्ही वर्षी मोंटे कार्लोची रॅली जिंकली. एवढेच नव्हे, तर १९७३ साली कारखानदारांसाठी पहिली जागतिक रॅली स्पर्धा भरली, तिचे अजिंक्यपदही दिएपच्याच पदरी पडले. मोठमोठ्या कंपन्यांना एका बंदरगावच्या कारखान्याने मागे टाकले, ते केवळ हलकेपणाच्या जोरावर.

तथापि हलकेपणालाही एक सीमा असते. गाडीतून काढून टाकण्याजोगे होते ते सारे काढून झाले. आता बळ वाढविल्यावाचून गत्यंतर नव्हते. येथे या कथेत टर्बोचा प्रवेश होतो. म्हणून तो काय आहे, हे थोडक्यात पाहिले पाहिजे.

इंजिनात इंधन जळते, तेव्हा त्या उष्णतेचा मोठा भाग चाकांपर्यंत पोहोचतच नाही. तो तप्त वायूच्या रूपाने धुराड्यातून बाहेर जातो. या फुकट जाणाऱ्या वायूच्या वाटेत एक पंख्याचे चाक बसविले, तर ते वेगाने फिरू लागते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकास आणखी एक चाक असते. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येते. इंधन जास्त, म्हणून बळ जास्त. अशा रीतीने इंजिन आपल्याच टाकाऊ श्वासावर आपले बळ वाढविते. ही युक्ती अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. १९२० नंतरच्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्याने हे यंत्र जोडले, तेव्हा त्यांचे बळ १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेले.

दरम्यान विमानविद्येलाही त्याची गरज भासू लागली होती, कारण उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम कोंडतो. १९१८ साली अमेरिकेत सॅनफोर्ड मॉस या संशोधकाने ‘लिबर्टी’ नावाचे विमानाचे इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच पर्वतावर नेऊन चालविले. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन त्या उंचीवर सुमारे २३० वर घसरले. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले. यंत्राची उपयुक्तता याहून स्पष्ट कशाने सिद्ध व्हावी?

परंतु जहाज आणि विमान यांचे इंजिन तासन् तास एकाच चालीने चालते. शर्यतीच्या मोटारीचे तसे नाही. तिला क्षणात थांबावे लागते, क्षणात उसळावे लागते. आणि टर्बोचा मोठा दोष नेमका येथेच आहे. वायूचा झोत आल्याखेरीज त्याचे चाक फिरत नाही, आणि इंजिन वेगाने चालल्याखेरीज झोत येत नाही. आपल्या रेल्वेवर अल्को कंपनीच्या आराखड्याची टर्बो असलेली डिझेल इंजिने आली. घाटाच्या पायथ्याशी जड मालगाडी हलू लागली, की त्या इंजिनातून काळ्याकुट्ट धुराचा लोट उसळे, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. चालकाने इंधन वाढविलेले असते, पण टर्बोचे चाक अजून जोराने फिरू लागलेले नसते. हवा अपुरी पडते आणि इंधन अर्धवट जळून काळा धूर होतो. थोड्या वेळाने धूर विरळ होतो, आणि मग गाडीला खरा जोर येतो. मालगाडीला हा विलंब चालतो. परंतु डोंगरी वळणावर ताशी शंभर किलोमीटरने पळणाऱ्या गाडीत पाय दाबल्यानंतर एक-दोन सेकंदांनी बळ येऊ लागले, तर तोवर वळण संपून गेलेले असते. किंवा वळणाच्या ऐन मध्यावर ते एकदम येते आणि मागली चाके घसरतात.

हा धोका पत्करून दिएपच्या मंडळींनी प्रथम आपल्या लाडक्या ‘ए-११०’ वरच प्रयोग केला. बेर्नार द्युदो या तरुण अभियंत्याने तिच्या १६०० घनसेंटिमीटरच्या इंजिनाला टर्बो जोडला. १९७२ साली सेवेनच्या डोंगराळ भागातील रॅलीत ती गाडी झां-लुक तेरिए याच्या हाती देण्यात आली, आणि त्याने ती स्पर्धा जिंकली. वळणांमागून वळणे असलेल्या त्या अरुंद रस्त्यांवर बळ येण्याची वाट न पाहता आधीच पाय दाबण्याची कला तेरिएला साधली होती. या पहिल्या यशामुळे एक गैरसमज मात्र रुजला असावा: हलके अंग अधिक टर्बो म्हणजे विजय, इतके हे गणित सोपे आहे असा.

याच सुमारास कारखान्याचे भवितव्यही पालटले. १९७३ साली रेनो कंपनीने आल्पीनचा ताबा घेतला. एल्फ या फ्रेंच तेल-कंपनीच्या पाठबळाने फ्रांस्वा कास्तें या अभियंत्याने सहा सिलिंडरांचे दोन लिटरचे एक नवे इंजिन घडविले. आंद्रे द कोर्ताँझ याने आखलेल्या ‘ए-४४१’ या उघड्या, अत्यंत हलक्या गाडीत ते बसविले गेले, आणि १९७४ चे दोन लिटर वर्गाचे युरोपीय अजिंक्यपद अलां सेर्पाजी याने तिच्यावर मिळविले. त्या इंजिनाचे बळ तीनशे अश्वशक्तीच्या आत होते आणि गाडीला ते शोभणारे होते. जू आणि जोडी यांचा मेळ जमला होता.

पण रेनोची दृष्टी आता ल मांवर होती. ल मां हे फ्रान्समधील गाव तेथील चोवीस तासांच्या शर्यतीमुळे जगप्रसिद्ध झाले आहे. तेथे जिंकावयाचे तर तीन लिटरच्या मोठ्या गाड्यांशी सामना होता. नियम असा होता, की टर्बो असलेल्या इंजिनाचे आकारमान १.४ पटीने मोजावे. म्हणजे दोन लिटरचे टर्बो इंजिन कागदोपत्री २.८ लिटरचे ठरून त्या वर्गात बसत होते. द्युदो टर्बोविद्या शिकण्यासाठी कॅलिफोर्नियाला जाऊन आला होता. १९७४-७५ च्या हिवाळ्यात साधे इंजिन काढून त्या जागी टर्बो इंजिन आले, आणि ‘ए-४४२’ या गाडीचा जन्म झाला. बळ जवळजवळ पाचशे अश्वशक्तीवर गेले. मार्च १९७५ मध्ये इटलीतील मुजेल्लो येथे ती प्रथमच मैदानात उतरली, आणि जेरार लारूस व झां-पिएर झाबुई यांनी ती पहिलीच शर्यत जिंकली!

पहिल्या घासाला साखर मिळाली, आणि मग मात्र खडे लागू लागले. १९७५ आणि १९७६ या वर्षांत जागतिक स्पर्धेतील दुसरा एकही विजय या गाडीला मिळाला नाही. सरावात ती बहुधा सर्वांत वेगवान ठरे. शर्यतीत मात्र ती अखेरपर्यंत टिकत नसे. एप्रिल १९७६ मध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगवर तर पहिल्याच फेरीत दोन्ही आल्पीन गाड्या एकामागोमाग रस्ता सोडून बाहेर गेल्या. त्याच वर्षी जूनमध्ये ल मांला झाबुईने सर्वांत कमी वेळेत फेरी मारून पहिले स्थान मिळविले, पण इंजिनाने शर्यत पुरी होऊ दिली नाही. जिंकली ती जर्मनीची पोर्शे गाडी. आणि तिच्यातही टर्बोच होता. म्हणजे दोष कल्पनेत नव्हता.

मग दोष कोठे होता? तो उष्णतेत होता. बळ वाढले याचा अर्थ आग वाढली. टर्बोच्या चाकावर येणाऱ्या वायूचे तापमान आठ-नऊशे अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि ते चाक मिनिटाला लाखभर फेरे घेते. हवा दाबली की ती तापते. तापलेली हवा सिलिंडरात शिरली की इंधन वेळेआधीच भडकते. आणि असा अवेळी भडका उडाला की सिलिंडरातील दट्ट्याच्या माथ्यावर घणाचे घाव बसावे तसे होते. काही मिनिटे दट्ट्या ते सोसतो. मग त्याला भोक पडते.

शिवाय ल मांच्या मार्गाचे एक वैशिष्ट्य होते. तेथे त्या काळी सुमारे सहा किलोमीटरांचा सरळ रस्ता होता. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगाने तो ओलांडावयास मिनिटभर लागे. आणि ते पूर्ण मिनिट इंजिन आपल्या परमोच्च बळाने, उसंत न घेता, चालत असे. अशा तीनशेहून अधिक फेऱ्या! इतर मैदानांवर वळणे जवळजवळ असतात, आणि प्रत्येक वळणावर इंजिनाला श्वास घ्यावयास सापडतो. जी गाडी मुजेल्लोत निरोगी होती ती ल मांला आजारी का पडे, याचे उत्तर त्या सहा किलोमीटरांत होते. परंतु हे उत्तर सापडावयास आणखी एक पराभव व्हावा लागला.

१९७७ साली कंपनीने बाकीच्या शर्यती सोडून सारे लक्ष ल मांवर केंद्रित केले. झाबुई आणि डेरेक बेल यांची गाडी रात्रभर आघाडीवर होती. रविवारची सकाळ झाली, फ्रेंच प्रेक्षक विजयाच्या आशेने उभे राहिले, आणि दट्ट्याने दगा दिला. कारखान्याच्या तिन्ही गाड्या इंजिन बिघडून बाद झाल्या. पोर्शेच्या जॅकी इक्सने मागून येऊन आघाडी घेतली. परंतु दैवाची लीला अशी, की अखेरच्या तासात त्या विजयी पोर्शेचाही एक दट्ट्या जळाला, आणि सहापैकी पाच सिलिंडरांवर लंगडत तिने अंतिम रेषा गाठली. पोर्शे इतके दिवस टर्बोशी झुंजत होती, तरी तिलाही आगीने सोडले नाही. फरक इतकाच, की तिने आपली गाडी अधिक सोशिक केलेली होती.

त्या पराभवानंतर फ्रेंच अभियंत्यांनी जे केले, ते मला या कथेतील सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी चालकांना दोष दिला नाही आणि दैवालाही दिला नाही. ते गाडी घेऊन अमेरिकेतील ओहायो राज्यात गेले. तेथे मोटारींच्या चाचणीसाठी मैलोगणती लांबीचे एक अंडाकृती मैदान आहे. त्यावर त्यांनी ल मांच्या त्या सरळ रस्त्याचे सोंग उभे केले: मिनिटभर पूर्ण वेग, मग गती कमी, पुन्हा पूर्ण वेग, तास मोजून, दिवस मोजून. इंजिन फुटले की उघडावयाचे, कोठे जळले ते पाहावयाचे, सुधारावयाचे, आणि पुन्हा फुटेपर्यंत चालवावयाचे. शर्यतीच्या दिवशी लक्षावधी डोळ्यांसमोर जे घडत होते, ते त्यांनी एकांतात, आपणहून, पुनःपुन्हा घडवून आणले. आपली चूक एवढ्या निष्ठेने शोधणारी माणसे विरळा.

१० जून १९७८ रोजी ल मांला चार पिवळ्या गाड्या उभ्या राहिल्या. त्यांतील सर्वांत वेगवान गाडी झाबुई व पात्रिक दपाये यांची. ती रात्रभर पुढे राहिली आणि रविवारी सकाळी पुन्हा इंजिनानेच घात केला. मागल्या वर्षीचे दुःस्वप्न परत आले असे सर्वांना वाटले असेल. पण या वेळी मागे दुसरी गाडी होती. दिदिए पिरोनी हा सव्वीस वर्षांचा तरुण आणि झां-पिएर झोसो हा एकेचाळीस वर्षांचा अनुभवी चालक, या दोघांनी ती सांभाळून आणली. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून तिच्यावर पारदर्शक झाकण बसविले होते. वेग वाढला, पण आत भट्टी झाली. शेवटची पाळी पिरोनीची होती. चोवीस तास पुरे झाले तेव्हा ३६९ फेऱ्या आणि ५०४४ किलोमीटर झाले होते. दुसऱ्या आलेल्या पोर्शेहून पाच फेऱ्या अधिक. पिरोनी गाडीतून उतरला तेव्हा उष्म्याने पार गळून गेला होता. यंत्राला थंड ठेवण्याची व्यवस्था झाली होती. माणसाला थंड ठेवण्याचे राहून गेले होते.

या विजयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ल मां जिंकताच रेनोने तेथून काढता पाय घेतला. तेच इंजिन दीड लिटरचे करून कंपनीने १९७७ सालीच ग्रां प्री शर्यतींत आणले होते. तेथे ते इतके वेळा धूर आणि वाफ सोडीत बंद पडे, की इंग्रजांनी त्या गाडीला ‘पिवळी चहादाणी’ असे नाव ठेविले. पुढे १ जुलै १९७९ रोजी दिझों येथे झाबुईनेच तिला विजय मिळवून दिला, आणि थट्टा करणारे संघ एकामागून एक टर्बोच्या मागे धावू लागले. ल मांच्या चोवीस तासांत जे धडे मिळाले, ते येथे उपयोगी पडले. परंतु दिएपच्या वाट्याला काय आले? शर्यतींचे काम १९७६ पासून रेनोच्या नव्या क्रीडाविभागाकडे, पॅरिसजवळच्या व्हीरी-शातियों येथे गेले होते. आल्पीन हे नाव हळूहळू मागे पडले, आणि १९९५ साली त्या नावाच्या गाड्या निघणेच थांबले. एका लहान संस्थेत मोठ्या संस्थेचे बळ आले, विजय मिळाला, पण ते बळ पेलताना त्या लहान संस्थेचे स्वतःचे रूप हरपले. यंत्राची गोष्ट संस्थेलाही लागू पडते ती अशी.

तरीही शेवट सर्वस्वी खिन्न नाही. झां रेदेले २००७ साली वारला. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच दिएपच्या कारखान्यासाठी रेनोने ‘ए-११०’ हेच जुने नाव धारण करणारी एक नवी हलकी गाडी जगापुढे मांडली. तिच्या पोटात १.८ लिटरचे टर्बो इंजिन होते. सेवेनच्या डोंगरात जो मेळ एका धाडसी प्रयोगाने जमला होता, तो आता कोणीही विकत घ्यावा अशा गाडीत निश्चिंतपणे नांदत होता. मध्ये गेली पंचेचाळीस वर्षे, आणि किती जळालेले दट्टे, याची गणती कोणी ठेविली नसेल.

श्रोतेहो, बळ मिळविणे कठीण आहे असे आपण समजतो. दिएपच्या गाडीचा इतिहास सांगतो, की बळ एका हिवाळ्यात मिळते. ते सोसण्याची पात्रता मात्र पराभवांच्या भट्टीतून हळूहळू येते. नवी जोडी जुंपण्यापूर्वी छकड्याची आस चाचपून पाहणारा तो शेतकरी कोणत्याही अभियंत्याहून कमी शहाणा नव्हता.